विदर्भाच्या सपाटीवरून थेट सहा हजार मीटर : कांग यात्से-२ साठी तयारी कशी करावी?

बहारवाला (तालुका वरुड, जि. अमरावती)

सर्वांना नमस्कार.

आम्ही चौघे मित्र एकाच गावचे आहोत. दोघांची संत्रा आणि कपाशीची शेती आहे, एक जण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि एक जण पंचायत समितीत कंत्राटी नोकरीवर आहे. चौघांचीही वये तिशीच्या आसपास आहेत, कोणालाही व्यसन नाही आणि अंगमेहनतीची सवय सर्वांनाच आहे. गाविलगड, नरनाळा आणि चिखलदऱ्याचा परिसर आम्ही अनेकदा पायी पाहिला आहे. आता लडाखमधील कांग यात्से-२ हे सुमारे ६,२५० मीटर उंचीचे शिखर चढावे, असे आमच्या मनात आहे. पूर्वी बहुतेक जण स्टोक कांगरीला जात असत. परंतु ते शिखर २०२० पासून बंद असल्याचे समजल्यामुळे आम्ही या शिखराकडे वळलो.

एका सहल-संयोजकाने लेह ते लेह असा नऊ दिवसांचा कार्यक्रम पाठवला आहे. त्यात विमानाने लेहला पोहोचून दोन रात्री मुक्काम, नंतर मार्खा खोऱ्यातून पायी चाल, सहाव्या दिवशी तळछावणी, सातव्या रात्री शिखराची चढाई आणि मग परतीचा प्रवास, अशी आखणी आहे. 'तंदुरुस्त व्यक्तीला पूर्वानुभवाची गरज नाही', असेही त्यांच्या पत्रकात छापलेले आहे, आणि नेमके हेच वाक्य आम्हाला खटकले.

आमची अडचण वेळेची आहे. पेरणीपासून निंदण, डवरणी आणि फवारणी उरकेपर्यंत गाव सोडता येत नाही, आणि सप्टेंबर संपत आला की सोयाबीनची सोंगणी सुरू होते. पोळा झाल्यावर जो मोकळा काळ मिळतो, तेवढाच आमच्या हातात आहे. त्या काळात हे शिखर शक्य आहे का, येथे राहून सराव कसा करावा, सीमेलगतचा प्रदेश असल्यामुळे कोणत्या परवानग्या लागतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आणखी एक गोष्ट अशी की आमच्यापैकी एकाला सिकलसेलचा (तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक विकाराचा) 'एएस' अहवाल आहे. त्याला आजवर कोणताही त्रास झालेला नाही. त्याने यावे की न यावे, याबद्दलही स्पष्ट मत हवे आहे.

---

वैराट (परतवाडा)

भाऊ, पत्रकातले ते वाक्य तुम्हाला खटकले, हे बरेच झाले. कांग यात्से-२ हे अवघड शिखरांमध्ये गणले जात नाही, हे खरे आहे. पण ती पायवाटेवरची भटकंतीही नव्हे. तळछावणीच्या वर हिमनदीचा भाग लागतो, आणि पुढे शिखरापर्यंतचा लांब बर्फाळ उतार क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लोखंडी दाते) घालून, हातात आइस अ‍ॅक्स घेऊन आणि बहुतेक वेळा दोराला बांधून घेऊन चढावा लागतो. चढाई मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते, कारण ऊन वर आल्यावर बर्फ मऊ पडतो आणि परतीचा मार्ग धोक्याचा होतो. ज्याने आयुष्यात क्रॅम्पॉन पाहिलेले नाहीत, त्याने ते पहिल्यांदा अंधारात, सहा हजार मीटरच्या आसपास, बधिर बोटांनी बांधावेत, ही कल्पनाच मला पटत नाही.

म्हणून माझे पहिले मत असे आहे की चौघांपैकी निदान दोघांनी आधी गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करावा. दार्जिलिंगची संस्था १९५४ पासून, तर उत्तरकाशीची १९६५ पासून हे शिक्षण देत आहे. त्याशिवाय मनाली, पहलगाम आणि अरुणाचलातील दिरांग येथेही अशा संस्था आहेत. अभ्यासक्रम साधारण चार आठवड्यांचा असतो. खडकावरची चढाई, दोराच्या गाठी, बर्फावर पाय कसा टाकावा, आणि घसरल्यावर आइस अ‍ॅक्सने स्वतःला कसे थोपवावे, हे सारे तेथे रोज घोटून घेतले जाते. उन्हाळ्यात शेत रिकामे असते, तेव्हा मे महिन्यातील तुकडी तुमच्यासारख्यांना सोयीची पडावी. जागा मात्र फार आधी भरतात, त्यामुळे अर्ज आदल्या वर्षीच करावा लागतो. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट गाठले, ही बातमी सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी किती टप्प्यांचे प्रशिक्षण घेतले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

आता सरावाविषयी. विदर्भातील सर्वोच्च ठिकाण म्हणजे वैराट, आणि त्याची उंची १,१७८ मीटर आहे. लेह शहरच ३,५०० मीटरवर आहे. तेव्हा येथे कितीही घाम गाळला, तरी उंचीची सवय येथे लागणार नाही, हे आधीच मान्य करावे. येथे तयार होऊ शकतात ते पाय, दम आणि संथ गतीने तासन्‌तास चालत राहण्याचा संयम. चिखलदऱ्यापर्यंत गाडीने जाऊन पठारावरून गाविलगडात फिरणे हा सराव नव्हे. पायथ्यापासून डोंगर चढणे हा सराव आहे. मेळघाटाच्या राखीव भागात मात्र वनविभागाच्या परवानगीशिवाय आडवाटांनी शिरू नका. नरनाळ्याला शहानूरकडून चालत गेलात, तर दिवसभराची चांगली मेहनत होते. पाठीवर दहा-बारा किलोचे ओझे असावे. फवारणीचा सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन चिखलात चालणाऱ्या माणसाला मी ओझ्याविषयी काय सांगावे! फरक एवढाच की पंपाचे ओझे सपाटीवर वाहिले जाते, आणि डोंगरात उतरताना गुडघ्यांवर जो ताण येतो, तो वावरात कधीच येत नाही. म्हणून चढण्याइतकाच ओझ्यासह उतरण्याचाही सराव करावा.

एप्रिल आणि मे महिन्यांत सूर्य उगवण्यापूर्वी चालणे आटोपून घ्या. पंचेचाळीस अंशांत धावून शरीर कणखर होते, असा एक समज आपल्याकडे आहे. उन्हाची सवय झालेले शरीर उन्हात अधिक काळ टिकते, एवढाच त्याचा अर्थ आहे. विरळ हवेत त्याचा फायदा होईल, असे गृहीत धरू नये.

---

माजी सैनिक (देऊळगाव राजा, जि. बुलढाणा)

माझी बरीच नोकरी लडाखमध्ये झाली, त्यामुळे वरील उत्तरात थोडी भर घालतो. तुमचा प्रश्न दोर आणि बर्फ यांच्याही आधी दिवसांचा आहे.

सैन्यात उंचीवर जाणाऱ्या प्रत्येक जवानाला ठरलेल्या टप्प्यांनीच वर नेले जाते. नऊ हजार ते बारा हजार फुटांचा पहिला टप्पा सहा दिवसांचा असतो. लेह याच टप्प्यात येते. त्यातील पहिले दोन दिवस विश्रांतीचे असतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर संथ चालणे, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी थोडे अधिक अंतर व सुमारे तीनशे मीटरपर्यंतची हळू चढण. बारा ते पंधरा हजार फुटांच्या दुसऱ्या टप्प्यासाठी चार दिवस, आणि पंधरा हजारांच्या वर आणखी चार दिवस दिले जातात. म्हणजे एकूण चौदा दिवस झाले. हा नियम धडधाकट, निवडलेल्या तरुणांसाठी आहे, आणि सुट्टीवर जाऊन चार आठवड्यांहून अधिक काळाने परतलेल्या जुन्या जवानालाही हे सारे टप्पे पुन्हा पार करावे लागतात. तुमचा संयोजक मात्र सातव्या रात्री तुम्हाला वीस हजार फुटांवर नेणार आहे.

हा नियम कागदावर सहज आलेला नाही. १९६२ च्या युद्धात सपाटीवरील तुकड्या घाईने उंचीवर चढवल्या गेल्या, आणि शत्रूच्या गोळीशिवायही माणसे दगावली. त्यानंतर सैन्यातील डॉक्टरांनी या आजाराचा बारकाईने अभ्यास केला. १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारलेला त्यांचा लेख १९६९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर तो आजही आधार मानला जातो. तेव्हा आपल्याच माणसांनी मोठी किंमत देऊन मिळवलेले हे ज्ञान आपणच बाजूला सारावे, याचा मला राग येतो.

सर्वसामान्य गिर्यारोहकांसाठी जी शिफारस प्रचलित आहे, ती सैन्याच्या नियमापेक्षा थोडी सैल आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. या मापाने तुमचा मार्ग तपासू. स्क्यू सुमारे ३,४०० मीटरवर आहे, मार्खा गाव ३,७०० च्या आसपास, हांकर ४,००० च्या जवळ आणि थाचुंगत्से सुमारे ४,२५० वर. येथपर्यंत चढ सौम्य आहे. त्यानंतर तळछावणी मात्र एकदम पाच हजारांच्या घरात जाते, म्हणजे एका दिवसात साडेसातशे मीटरहून अधिक. खरी अडचण नेमकी येथे आहे. थाचुंगत्सेला दोन रात्री काढाव्यात, दुसऱ्या दिवशी ओझ्याविना वर जाऊन पुन्हा खाली झोपायला यावे, नंतर निमालिंगच्या कुरणात सुमारे ४,८०० वर मुक्काम करावा आणि मगच तळछावणी गाठावी. तेथेही एक पूर्ण दिवस सरावासाठी ठेवावा. लेहमध्ये चार रात्री आणि हवामानासाठी दोन राखीव दिवस धरले, तर लेह ते लेह पंधरा-सोळा दिवस लागतात. तेवढे दिवस नसतील, तर शिखर बदलावे. दिवस कमी करू नयेत.

विमानाने जाण्याऐवजी श्रीनगरमार्गे रस्त्याने जावे, असे मी सुचवीन. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली आहे. पुढे झोजी ला ही खिंड ओलांडून कारगिलला मुक्काम होतो, आणि कारगिल सुमारे २,७०० मीटरवर असल्यामुळे शरीराला एक पायरी मिळते. मनालीकडून आलात, तर सरचूसारख्या ४,२०० मीटरहून उंच जागी रात्र काढण्याची वेळ येऊ शकते, आणि तेथे अनेकांची तब्येत बिघडते.

परवानग्यांविषयी सांगायचे, तर मार्खा खोरे हेमिस राष्ट्रीय उद्यानात येते, त्याचे शुल्क भरावे लागते. शिखरासाठी भारतीय गिर्यारोहण महासंघाची, म्हणजे आयएमएफची, परवानगी लागते; लेहमधील संयोजक ती काढून देतो, पण कागद स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लेह सोडू नका. हे खोरे सीमारेषेला लागून नाही. त्सो मोरिरी सरोवराकडची मेंतोक कांगरीसारखी शिखरे मात्र चीनच्या सीमेच्या बाजूला आहेत, आणि तिकडचे नियम परिस्थितीनुसार बदलतात. सॅटेलाइट फोन, तसेच उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी यंत्रे सरकारी परवान्याशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे. परदेशातून कोणी भेट म्हणून दिले असले, तरी ते यंत्र घरीच ठेवावे. ड्रोनही नेऊ नका, पूल आणि लष्करी ठाणी यांची छायाचित्रे काढू नका. बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिमच्या भरवशावर राहू नका, एकाने तरी पोस्टपेड जोडणी घ्यावी. खोऱ्याच्या आत बहुतेक ठिकाणी तीही चालणार नाही.

---

दवाखाना (गडचिरोली जिल्हा)

मी ग्रामीण भागात वैद्यकीय अधिकारी आहे. सिकलसेलच्या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटते, कारण पूर्व विदर्भातील कोणताही गट हिमालयात निघाला, तर त्यात एखादा वाहक, म्हणजे हा दोष रक्तात असूनही स्वतः रुग्ण नसलेला माणूस, असण्याची शक्यता बरीच असते, आणि अनेकांना ते ठाऊकही नसते.

'एएस' म्हणजे वाहक आणि 'एसएस' म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण. शिबिरात होणाऱ्या सोल्युबिलिटी चाचणीत दोन्ही पॉझिटिव्हच येतात. त्यांतील फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीने कळतो. तेव्हा तुमच्या मित्राचा अहवाल नेमका कोणत्या तपासणीचा आहे, हे आधी पाहावे. 'एसएस' असेल, तर उंच पर्वतावर जाऊच नये, याबद्दल दुमत नाही.

वाहकाचे आयुष्य सामान्यतः निरोगी असते. शेतात, शाळेत, येथल्या उन्हात त्याला वेगळे काही जाणवत नाही. उंचीवर मात्र रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बरेच घटते, शरीर कोरडे पडते, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यातच कष्टाची चढाई असते. या चारही गोष्टी एकत्र आल्यावर वाहकाच्या तांबड्या पेशीही विळ्याचा आकार घेऊ शकतात, आणि त्याचा पहिला फटका बहुधा प्लीहेला (पोटात डावीकडे, फासळ्यांखाली असलेल्या अवयवाला) बसतो. प्लीहेचा रक्तपुरवठा खंडित होण्याच्या अशा घटना तीन हजार मीटरच्या आसपासच्या आणि त्याहून अधिक उंचीवर नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यात पूर्वी कधीही त्रास न झालेले धडधाकट तरुणही आहेत. लक्षण असे की डाव्या बाजूला, फासळ्यांच्या खाली अचानक तीव्र वेदना होतात, कधी ती कळ डाव्या खांद्याकडे जाते, त्याबरोबर मळमळ, उलटी किंवा ताप असतो. गटातील इतरांना ते अपचन किंवा स्नायूंचे दुखणे वाटते आणि मौल्यवान तास निघून जातात.

प्रत्येक वाहकाला हे होते, असे मुळीच नाही. बहुसंख्य वाहकांना काहीच होत नाही. परंतु कांग यात्सेच्या तळछावणीपासून लेहचे रुग्णालय फार दूर आहे, आणि फोन करताच हेलिकॉप्टर येईल, असे तेथे गृहीत धरता येत नाही. म्हणून माझा सल्ला असा की तुमच्या मित्राने रक्तविकारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटून, शिखराची उंची स्पष्ट सांगून निर्णय घ्यावा, आणि तो निर्णय त्याचा स्वतःचा असावा. मित्रांच्या आग्रहाखातर होकार देऊ नये, तसेच मित्रांनीही त्याला परस्पर वगळू नये. तो निघालाच, तर ही माहिती मार्गदर्शकाला आणि सर्व साथीदारांना असलीच पाहिजे. इतर तिघांनीही हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि ईसीजी तपासून घ्यावे, आणि सिकलसेलची तपासणी झाली नसेल, तर तीही करावी. शासकीय रुग्णालयात ती होते.

उंचीच्या आजाराविषयी थोडक्यात सांगतो. हवेत प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे एकवीस टक्क्यांच्या जवळच असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश, तर ५,५०० मीटरवर निम्मा असतो. डोकेदुखीबरोबर मळमळ, अशक्तपणा किंवा चक्कर असेल, तर तो उंचीचाच त्रास आहे असे समजावे आणि बरे वाटेपर्यंत वर जाऊ नये. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, छातीत घरघर, फेसाळ थुंकी, ही फुप्फुसात पाणी साठल्याची लक्षणे आहेत. बोलण्यात गोंधळ होणे, टाचेला टाच लावून सरळ रेषेत चालता न येणे, हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण आहे. या दोन्हींवर उपाय म्हणजे ताबडतोब खाली उतरणे, मग रात्र असो वा पाऊस. प्राणवायू आणि औषधे उतरण्याला मदत करतात, त्याची जागा घेत नाहीत. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध प्रतिबंधासाठी सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून दिले जाते; पण ज्यांना सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी डॉक्टरांना तसे आधी सांगावे, आणि कोणीही ते दुकानातून परस्पर घेऊ नये. कोरोनाकाळात घरोघरी आलेले ऑक्सिमीटर जरूर न्या. मात्र आकडा चांगला आणि माणूस आजारी दिसत असेल, तर माणसावर विश्वास ठेवा.

---

बहारवाला

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. मित्राचा अहवाल काढून पाहिला. तो एचपीएलसीचाच आहे. तो नागपूरला तज्ज्ञांना भेटणार आहे, आणि आम्ही त्याच्यावर कोणताही दबाव आणणार नाही. काकांनी दिवसांचा जो हिशेब मांडला, त्याने डोळे उघडले. प्रवासासह आमच्याकडे फार तर अठरा दिवस आहेत, म्हणजे लेह ते लेह सोळा दिवस जमत नाहीत. अशा स्थितीत पहिल्याच वर्षी दुसरे एखादे शिखर आहे का, की जेथे दोर आणि क्रॅम्पॉन लागणार नाहीत, तरीही उंची समाधानकारक असेल?

---

पायवाट (हिंगणघाट)

आहे. हिमाचलातील स्पिती खोऱ्यात किब्बर गावाच्या वर कानामो नावाचे शिखर आहे. उंची सुमारे ५,९६० मीटर. उन्हाळ्याच्या अखेरीस त्यावर बर्फ फारसा राहत नाही, वाट घसरड्या दगडगोट्यांची आणि लांबलचक असली, तरी दोराची गरज सामान्यतः पडत नाही. सहा हजारांचा आकडा थोडक्यात हुकतो, हे खरे. पण त्या चाळीस मीटरसाठी कोणी सोयाबीन शेतात उभे ठेवू नये.

या शिखराचा खरा लाभ म्हणजे तेथे जाणारा रस्ता. शिमल्याहून किन्नौरमार्गे गेलात, तर शिमला सुमारे २,२००, कल्पा २,९०० च्या पुढे, नाको ३,६०० च्या आसपास, मग थोडे खाली ताबो, पुढे काझा आणि शेवटी ४,२०० मीटरवर किब्बर, अशी पायऱ्यापायऱ्यांनी उंची वाढत जाते. प्रवासाचेच दिवस सवयीचे दिवस होतात. काझाला दोन आणि किब्बरला दोन-तीन रात्री काढल्या, की तळछावणीकडे निघावे. हा सारा रस्ता तिबेटच्या सीमेच्या जवळून जातो. परदेशी पाहुण्यांना तेथे परवाना लागतो, भारतीय नागरिकांना या मुख्य रस्त्यावर लागत नाही, तरी मूळ ओळखपत्र प्रत्येकाजवळ असू द्यावे. नाकोजवळ रिओ पुरग्याल हे हिमाचलातील सर्वोच्च, ६,८१६ मीटरचे शिखर आहे. ते मात्र पूर्णपणे अनुभवी गिर्यारोहकांचे काम आहे.

थोडे विषयांतर करतो, पण ते विषयाला धरूनच आहे. याच स्पितीतील शिल्ला शिखरावर १८६० साली सर्वेक्षण खात्याच्या एका खलाशाने, म्हणजे मदतनीस मजुराने, खांब नेऊन रोवला, अशी नोंद सांगितली जाते. त्या काळी त्या शिखराची उंची सात हजार मीटरहून अधिक मानली गेली होती. नंतर ती ६,१०० च्या आसपास भरली. चढाईच्या उंचीचा विक्रम मोडला की नाही, हा वाद बाजूला ठेवू, पण त्या खलाशाचे नाव कोणीही लिहून ठेवले नाही. ज्या महासर्वेक्षणाने पुढे हिमालयाची उंची मोजली, त्याचा आरंभ करणारा विल्यम लॅम्बटन मात्र १८२३ साली आमच्या हिंगणघाटला वारला, आणि त्याची कबर येथे आहे. गावातील फार थोडी माणसे ती पाहायला जातात.

स्टोक कांगरीविषयी मूळ प्रश्नात उल्लेख होता, म्हणून सांगतो. ते शिखर स्टोकच्या गावकऱ्यांनी बंद करायला लावले, कारण गर्दीमुळे त्यांच्या पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याचा एकमेव स्रोत असलेली हिमनदी खराब होत होती. बोअर आटल्यावर संत्र्याच्या बागा तोडाव्या लागलेल्या वरुडकरांना हा निर्णय समजावून सांगण्याची गरज नसावी. किब्बरलाही पाणी जपूनच वापरावे.

---

माजी सैनिक

कानामोची सूचना मला मान्य आहे. फक्त किन्नौरच्या रस्त्याबद्दल एक इशारा देतो. स्पिती पर्जन्यछायेत असली, तरी किन्नौरचा खालचा भाग नाही, आणि पावसाळ्यात तेथे दरडी कोसळतात. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीला बसवर दरड कोसळली होती. म्हणून पोळ्यानंतरचा तुमचा काळच योग्य आहे. मात्र पोळा दरवर्षी त्याच सुमारास येत नाही. अधिक मास पोळ्याच्या आधी आला, तर तो सप्टेंबरच्या मध्याकडे सरकतो, आणि मग पोळा, सोंगणी व डोंगरातील थंडी यांच्यामध्ये काही उरत नाही. अशा वर्षी पोळ्याच्या आधीच निघावे आणि बैल सजवण्याचे काम घरच्यांवर सोपवावे. रस्ता बंद पडण्यासाठी दोन दिवस राखून ठेवा, आणि परतीचे रेल्वे आरक्षण त्यानुसार करा.

---

वैराट

माझीही हरकत नाही. कानामो करून या, पुढच्या मे महिन्यात दोघांनी प्रशिक्षण घ्या, आणि त्यानंतर कांग यात्सेला सोळा दिवस काढा.

बुटांचे तेवढे आत्ताच पाहा. घोट्याच्या वर येणारे, बोटांपुढे थोडी जागा सोडणारे बूट जाड मोज्यांसह मापून घ्या. उतारावर बोटे पुढे आदळली, की नखे काळी पडतात. ते जूनमध्ये घ्यावेत आणि तेव्हापासून सरावात रोज वापरावेत, पण वावरात घालू नयेत, कारण आपली काळी माती तळव्याच्या खाचांत बसली की सहज निघत नाही. स्लीपिंग बॅग आणि जाड जॅकेट विकत घेण्याची घाई करू नका. काझा किंवा मनालीला ती भाड्याने मिळतात. गॉगल मात्र अतिनील किरणे पूर्ण अडवणारा, बाजूंनी झाकलेला असाच घ्या, आणि प्रत्येकाचा एक जादा ठेवा.